पंखा बसवायचा राहिला

अवी,

तुझ्या शोकसभेला, शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या त्या हॉलमध्ये, मला अकरा जणांनी एकच वाक्य ऐकवलं. "जे आवडत होतं ते करताना गेला." मी मोजत होते, कारण मोजलं नसतं तर किंचाळले असते. अकराव्या बाईंनी माझा हात हातात घेऊन, डोळे मिटून तेच म्हटलं, तेव्हा मी हात काढून घेतला आणि म्हणाले, "नाही हो. जे टाळत होता त्यानं गेला." त्या बाई चहाचा कप घेऊन पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मंडळात आता माझ्याबद्दल बोलत असतील. बोलू देत.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेदहाला, लख्ख उन्हात तू तुझ्या शेतावरच्या तळघराच्या सात पायऱ्या उतरलास. खाली द्राक्षांचा रस आंबत होता. रस आंबताना वायू सुटतो. तो दिसत नाही, हवेपेक्षा जड असतो, आणि खोलगट जागेत पाण्यासारखा साठून राहतो. हे मला तूच शिकवलं होतंस. टेकडीच्या पोटात खणलेलं दगडी तळघर, एकच दार, खिडकी नाही, पंखा नाही. तू टाकीवर वाकलास आणि परत सरळ झाला नाहीस. सत्तेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस. डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळलंही नसेल. ही म्हणे समाधानाची गोष्ट. मला नाही वाटत समाधान. तुला कळायला हवं होतं. एक मिनिट तरी कळायला हवं होतं की ताई बरोबर होती.

बघ, कशी बोलतेय मी तुझ्याशी. पण मी रागावलेच आहे, आणि तू असतास तर तुलाच फोन करून ओरडले असते. म्हणून लिहितेय.

तुझं हे वेड कुठून आलं ते मला ठाऊक आहे. निफाडकडची आपली बाग. फवारणीच्या दिवशी आई आपल्याला घराबाहेर पडू द्यायची नाही. आपण खिडकीच्या गजांना नाक लावून बघायचो. बाबा तोंडाला पंचा बांधून वेलींच्या ओळीत शिरायचे आणि धुक्यातून यावं तसे पलीकडून बाहेर यायचे. मोरचुदानं त्यांची नखं कायमची निळसर झालेली. ते रक्ताच्या आजारानं गेले तेव्हा कुठल्याही डॉक्टरनं फवारणीचं नाव घेतलं नाही. तू घेतलंस. आणि एकदा तू ठरवलंस की संपलं.

अमेरिकेत तुला मी आणलं. तुझा पहिला रेझ्युमे मी टाइप केला. मिनेसोटात, ईडन प्रेरीतल्या नोकरीत तू बारा वर्षं काढलीस, माझ्या दृष्टीनं अगदी मार्गी लागलास, आणि मग एका मंगळवारी, मी मीटिंगमध्ये असताना, तुझा फोन आला.

"ताई, मी रिझाइन केलं."

"अरे वा. कुठं जॉइन होतोयस?"

"कुठं नाही. शेत घेतलंय."

"नाशिकला?"

"विस्कॉन्सिनला."

मी मीटिंग सोडून पार्किंगमध्ये गेले आणि तुला झाडलं. म्हटलं, बाबा जन्मभर सांगत राहिले, पोरांनो, या बागेतून बाहेर पडा. त्यांचं एवढं तरी ऐक. तू शांतपणे म्हणालास, "बागेतून बाहेर पडा असं ते कधीच म्हणाले नाहीत. औषधातून बाहेर पडा म्हणायचे. तू नीट ऐकलं नाहीस."

हे भांडण आपलं आठ वर्षं चाललं. बाबा नक्की काय म्हणाले होते. तू गेलास म्हणून मी ते तुला जिंकू देणार नाही. ते "बाग" म्हणाले होते, अवी.

पण तू ते शेत उभं केलंस, हे खरं. विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्येकडच्या त्या टेकड्या, जिथं हिवाळ्यात डोळ्यांतलं पाणी गोठतं, तिथं तू द्राक्षं लावलीस. थंडी सोसणाऱ्या त्या जातीचं नावच 'मार्केट', आणि तू म्हणायचास, "नाव मार्केट, पण ही मार्केटात कधी जायची नाहीत." वेलींच्या ओळींत मेंढ्या चरायच्या, त्यांच्या मागून कोंबड्या. उताराला सफरचंदं, घराशी लसूण. बुरशी आली की औषधाऐवजी शेजारच्या डेलकडून पनीरच्या निवळीचे कॅन आणून तू पानांवर फवारायचास. डेल सत्तरीतला, मक्याचा आणि दुधाचा जुना शेतकरी. पहिल्या वर्षी तो कुंपणाशी उभा राहून तुला हसला होता म्हणे. तिसऱ्या वर्षी स्वतःच कॅन घेऊन यायला लागला.

आणि रेवा. मिशिगनमध्ये जन्मलेली, मराठी समजणारी पण इंग्रजीत उत्तर देणारी, मेंढीला हातानं व्यायला लावणारी तुझी बायको. पहिल्यांदा मला भेटली तेव्हा पायात चिखलाचे बूट होते आणि मला वाकून नमस्कार केला. बुटांसकट. मी तिथंच हरले.

मला ते शेत आवडायचं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू भांडण जिंकल्यासारखं वागला असतास.

शेखर आमचा संसार सोडून गेला त्या मार्चमध्ये तू फोनवर एवढंच म्हणालास, "ये." साडेतीन तास ड्राइव्ह करून मी आले. शिकागोतल्या देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून ज्वारीचं पीठ, मिरच्या, फरसाण घेऊन आले, जणू सणालाच चालले होते. सगळीकडे बर्फ. दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या हातात छाटणीची कात्री दिलीस आणि कोंब फुटायचे दोन डोळे ठेवून वरची काडी कशी कापायची ते दाखवलंस. तीन दिवस आपण ओळीनं छाटत होतो. तू शेखरचं नाव काढलं नाहीस. धीर धर म्हणाला नाहीस. तिसऱ्या दिवशी मी एका वेलीपाशी खाली बसून हमसून रडले, तेव्हा तू पुढची वेल छाटत राहिलास, आणि माझं रडणं संपल्यावर म्हणालास, "ती मघाचची चुकीची कापलीस. पण वेल सांभाळून घेईल." त्या वाक्यावर मी दोन वर्षं जगले. आणि असा माणूस, जो दुसऱ्याला इतकं नेमकं ओळखायचा, तो स्वतःच्या बाबतीत इतका मठ्ठ कसा असतो? सांग ना.

आता एक कबुली. तुझी वाइन मला कधीच आवडली नाही. तुला त्यात काही घालायचं नव्हतं. विकतचं यीस्ट नको, गंधक नको, गाळणी नको. द्राक्षाच्या सालीवर जे आपसूक येतं त्यानंच आंबली पाहिजे. मला ती सफरचंदाच्या व्हिनेगरमध्ये कोणी ओली माती कालवल्यासारखी लागायची. एका वर्षी तू दिलेल्या सहा बाटल्यांपैकी एक माझ्या गराजमध्ये फुटली, आणि मी उरलेल्या पाच सिंकमध्ये ओतल्या. तू विचारलंस, "कशी होती?" मी म्हटलं, "मस्त. संपली पण." तू इतका खूश झालास की पुढच्या वर्षी बारा दिल्यास.

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात मी तोडणीला आले होते. तुझ्याबरोबर तळघरात उतरले. रस आंबायला लागला की द्राक्षांची सालं वर येऊन जाड थर धरतात. तू त्याला टोपी म्हणायचास. ती दिवसातून तीनदा लाकडी दांड्यानं खाली दाबावी लागते, नाहीतर वरचं सुकतं, बिघडतं. तू दाबत होतास, मी बघत होते. दहा मिनिटांत माझं डोकं ठणकायला लागलं आणि धाप लागली. मी वर येऊन गवतावर बसले. तू मागून हसत आलास.

"सवय नाही तुला."

"अवी, ही सवयीची गोष्ट नाही. खाली हवा नाहीये."

"मेणबत्ती ठेवतो ना मी शेवटच्या पायरीवर. ती विझली की बाहेर."

मी तिथंच, गवतावर बसून फोनवर वाचून काढलं आणि तुला वाचून दाखवलं, की मेणबत्ती जळत असतानाही माणूस पडू शकतो. जमिनीलगत हवा खेचणारा एक पंखा आणि बाहेर सोडणारा पाइप, एवढंच लागतं. तू म्हणालास, "एवढा सीझन होऊ दे. मग बसवतो." सीझन झाला. हिवाळ्यात म्हणालास, जमीन गोठलीय. वसंतात मेंढ्या व्यायल्या. उन्हाळ्यात बुरशी आली. मी तुला एक गॅस-मीटर पाठवला, वायू वाढला की वाजणारा. तू म्हणालास, "पोचला. थँक्यू, मॅडम."

या ऑगस्टच्या शेवटी मी विचारलं, "पंखा?" तू म्हणालास, "ताई, यार, तू मॅनेजर आहेस ते ऑफिसात." मी म्हटलं, "मग मर त्या खड्ड्यात." आणि फोन ठेवला.

हो. असंच म्हटलं मी. शब्द न शब्द.

त्यानंतर चार आठवडे मी तुला फोन केला नाही. तूही केला नाहीस. आपण दोघं बाबांचीच पोरं. तू एकदा तोडणीच्या पहिल्या दिवसाचा फोटो पाठवलास, क्रेटभर काळी द्राक्षं आणि वर तुझा मातीनं भरलेला हात. मी उत्तरादाखल फक्त अंगठा पाठवला. सत्तेचाळीस वर्षांचं नातं आणि शेवटी मी तुला अंगठा दाखवला.

रेवाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. ती रडत नव्हती, फक्त भरभर बोलत होती. तू जेवायला आला नाहीस म्हणून ती तळघराच्या दाराशी गेली. वरून तुझी पाठ दिसली. तिनं हाक मारली, आणि ती दुसऱ्या पायरीवर असताना डेलनं तिला मागून दंडाला धरून ओढलं. तो निवळीचे कॅन घेऊन आला होता. ती त्याला मारत होती, चावत होती. त्यानं सोडलं नाही. गावातले स्वयंसेवक अग्निशामक तोंडाला मास्क लावून उतरले आणि तुला वर आणलं. तोवर उशीर झाला होता.

डेल मला तुझ्या अंगणात भेटला. टोपी हातात, दंडावर रेवाच्या दातांचे वण. त्याचा चुलतभाऊ तरुणपणी मक्याचा चारा आंबवायच्या सायलोमध्ये, बंद कोठारात, असाच वायूनं गेला होता. म्हणाला, "दर सप्टेंबरला सांगत होतो त्याला. दर सप्टेंबरला. तो म्हणायचा, यू आर राइट, डेल." एवढं बोलून तो त्याच्या ट्रककडे गेला आणि दार उघडून नुसताच उभा राहिला.

म्हणजे मी सांगत होते, डेल सांगत होता, रेवा सांगत होती. सगळ्यांना तू "बरोबर आहे" म्हणालास. तू कुणाशी वाद घातला असतास तर निदान हरला असतास!

दुसऱ्या दिवशी तुझ्या स्वयंपाकघरात मी चमचा शोधत होते. खणात मीटर सापडला. बॅटरी काढलेली, शेजारीच नीट ठेवलेली. मी रेवाला दाखवला. ती म्हणाली, "इट केप्ट बीपिंग, ताई. त्याला वाटलं खराब आहे."

मी तो मीटर घेऊन मागच्या दारातून बाहेर गेले आणि भिंतीवर फेकला. फुटला नाही. पुन्हा फेकला. कोंबड्या पळाल्या. तो बिघडलेला नव्हता रे. तो एवढा एकच तुझ्याशी भांडत होता.

त्याच दुपारी रेवा मला म्हणाली की टोपी दाबायला हवी. मला आधी कळलंच नाही. मग कळलं, की टाकीतला रस अजून आंबतोय. तुझ्यानंतर कोणी हात लावला नव्हता, थर वर येऊन सुकत होता.

"ओतून टाक ते," मी म्हटलं.

"नो."

"रेवा, त्यानं माणूस मारलाय. माझा भाऊ मारलाय. आणि तू ते बाटल्यांत भरणार?"

"इट्स नॉट युअर्स टू थ्रो, ताई." मग थांबून, आठवून आठवून, मराठीत म्हणाली, "तू एक वर्षात एकदा येते. मी त्या वेलींना रोज हात लावते. हे त्याचं एकट्याचं नाही. माझं पण आहे."

मी तिला खूप बोलले. ते इथं लिहीत नाही. तिनं ऐकून घेतलं आणि बूट घातले. मी दारात आडवी उभी राहिले. शेवटी डेल त्याच्या गोठ्यातला भलामोठा पंखा ट्रकमधून घेऊन आला. दार सताड उघडून, वायर ओढून, त्यानं तो तासभर पायऱ्यांवरून आत चालवला. मी भिंतीपाशी पडलेला मीटर उचलला, बॅटरी घातली. चालू झाला. डेलनं तो दोरीला बांधून खाली सोडला. वाजला. वाट पाहिली, पुन्हा सोडला. वाजला. तिसऱ्यांदा गप्प राहिला. मग रेवाच्या कमरेला दोरी बांधून दुसरं टोक डेलनं धरलं आणि ती उतरली. मी पायऱ्यांच्या तोंडाशी उभी राहून ती दांडा दाबताना बघत होते. तिच्या हातांत जोर राहिला नव्हता. पाच मिनिटांनी ती वर आली, मी दोरी माझ्या कमरेला बांधून घेतली आणि खाली गेले.

तो थर किती जड असतो, अवी. मी दांडा दाबत होते आणि प्रत्येक दाबाला तुला शिवी देत होते. बाबांनी बैलाला दिल्या नसतील अशा शिव्या. थर फुटून खालचा गडद रस वर आला आणि वास आला, आणि तो वास, काय सांगू, चांगला होता. त्याचाही मला राग आला.

आम्ही दोघींनी आठ दिवस ते काम केलं. चौथ्या दिवशी इलेक्ट्रिशियननं जमिनीलगतचा पंखा आणि पाइप बसवला. दीड तास लागला. त्यातली वीस मिनिटं तो माझ्याशी हवामानाबद्दल बोलत होता. रेवानं रस दाबून, गाळून पिंपांत भरला. ती शेत सोडणार नाही म्हणते. हिवाळाभर मेंढ्या तिथंच असतील, डेल रोज सकाळी फेरी मारेल, आणि मार्चमध्ये मी छाटणीला जाईन. त्या वाइनचं काय करायचं ते तिचं तिनं ठरवायचं. मी माझं तोंड बंद ठेवायला शिकतेय. फार उशिरा, पण शिकतेय.

राहिली आई.

आईला आम्ही सांगितलं होतं, हृदय बंद पडलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, नाशिकच्या फ्लॅटमध्ये एक मावशी सोबतीला. म्हटलं, द्राक्षांनी नवरा नेला असं मुलगा म्हणत होता, आता द्राक्षांनी मुलगा नेला हे तिला कसं सांगायचं? पाच आठवडे मी रोज तिच्याशी खोटं बोलले. तू मला तेही करायला लावलंस. परवा रविवारी ती म्हणाली, "मंजू, त्याला आधी छातीत कळ आली होती का गं?" आणि माझ्याच्यानं पुढचं खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. तळघर, टाकी, मेणबत्ती, बॅटरी.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपल्या विहिरीचा गाळ काढायला माणूस उतरायचा ना, तेव्हा मी वर काठावर बसायची. तुम्ही पाळण्यात होतात तेव्हाचं सांगते. माझं काम एकच. त्याच्याशी बोलत राहायचं. बाजाराचं, पोराबाळांचं, काहीपण. तो खालून ओ द्यायचा. ओ आली नाही की वर ओढायचं, विचार करत बसायचं नाही." मग तिनं विचारलं, "त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं का गं?"

मी म्हटलं, "नाही आई. नव्हतं. मी चार आठवडे बोलत नव्हते."

तिनं ना समजावलं, ना दोष दिला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग आई बोलायला लागली. मावशीची सून माहेरी गेलीय. खालच्या मजल्यावर पाणी येत नाही. कोथिंबीर महाग झालीय. गुडघ्याला नवं तेल आणलंय, वास घाण आहे. ती बोलतच राहिली, मी ऐकत राहिले, आणि मी जरा गप्प झाले की ती मध्येच थांबून विचारायची, "आहेस ना?"

मी म्हणायचे, "आहे."